चोर मावशी

"ताई... मी सांगितलं तिला. सगळं सांगून टाकलं."

सकाळचे साडेसहा वाजले होते. एका हातात दुधाचं पातेलं आणि दुसऱ्या हातात फोन धरून थोरली स्वयंपाकघराच्या मधोमध उभी होती. पलीकडचा तो घोगरा आवाज आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा आहे, हे ओळखायलाही तिला एक क्षण लागला, कारण गेल्या सहा वर्षांत त्यानं तिला एकदाही फोन केला नव्हता... आणि करू नका, असं तिनंच त्याला बजावलं होतं!

"काय सांगितलंत, मास्तर?" तिनं विचारलं खरं, पण उत्तर तिला ठाऊक होतं. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या या साध्या, भिडस्त माणसाच्या पोटात गोष्ट एकच होती, आणि ती तिनंच तिथं ठेवली होती.

"हेच, की आईंचं आजारपण तिच्यापासून लपवायचं हे मी ठरवलं होतं. तुम्ही नाही. तुम्ही माझा दोष अंगावर घेतलात..." त्याचा आवाज फुटला. "ती उजाडताच बबडीला घेऊन बाहेर पडली, ताई. रडली नाही, भांडली नाही, नुसती बॅग भरली. बसस्टँडवर चालले म्हणाली. तुमच्याकडे येतेय की आणखी कुठे, मला काही ठाऊक नाही!"

पातेलं केव्हा कललं कुणास ठाऊक. गार दुधाची धार पायावर पडली तेव्हा थोरली भानावर आली.

"अहो, पण का? सहा वर्षं मी तोंड शिवून बसले ती कशासाठी? तुमचा संसार नीट राहावा म्हणूनच ना!"

"मला राहवलं नाही. बबडीला रविवारच्या शाळेत घरातल्या माणसांचं चित्र काढायला सांगितलं होतं. तिला अल्बममध्ये तुमचा फोटो सापडला. ही कोण, म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, ती तुझी मावशी, तिनं माझी आई माझ्यापासून चोरली. झालं! काल जेवायच्या आधी पोरीनं हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाली, प्रभू, बाबांचा खोकला बरा कर, आणि चोर मावशीला माफ कर, ती परत असं करणार नाही... ताई, माझ्या घशाखाली घास उतरेना. सहा वर्षांची पोर तुमच्यासाठी क्षमा मागत होती, आणि खरा चोर समोर बसून पाव मोडत होता!"

थोरलीला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळलं नाही. फोन ठेवून तिनं फरशी पुसली, पाय धुतला, आणि ठरलेल्या वेळी कामावर जायला निघाली. दुसरं करणार तरी काय! मन थाऱ्यावर नसलं की हाताला काम लावायचं, एवढं एकच औषध तिला आयुष्यानं शिकवलं होतं.

वडील गेले तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि धाकटी अवघी सहा. वह्या-पुस्तकं कपाटात गेली, आणि ती मोठ्या इस्पितळाच्या शिवणखोलीत यंत्रावर जाऊन बसली. धाकटीचे गणवेश तिनं शिवले, धाकटीची वेणी तिनं घातली, धाकटीला नदी आणि उपनदी यातला फरक कळेना तेव्हा यंत्राच्या टेबलावर हिरव्या दोऱ्यानं नकाशा तिनं काढून दाखवला. "मला भूगोल येत नव्हता म्हणून देवानं नवराच भूगोलाचा दिला," असं धाकटी लग्नात म्हणाली होती, आणि सगळा मांडव हसला होता... धाकटी लांबच्या शहरात गेली, तिथं एका ग्रंथालयात कामाला लागली, आणि दर रविवारी चर्चमधली उपासना आटोपली की न चुकता तिचा फोन येऊ लागला. आधी आईशी, मग ताईशी, मग पुन्हा आईशी. अर्धा तास सहज जायचा.

मग धाकटीचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. दुसरंही तसंच, पाचव्याच महिन्यात. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी तिला इस्पितळातच ठेवून घेतलं, पलंगाच्या पायथ्याखाली लाकडी ठोकळे सरकवले आणि सांगितलं, की आता बाळ येईपर्यंत उठायचं नाही, प्रवास नाही, आणि मनाला धक्का तर मुळीच नाही.

आणि त्याच दिवसांत इकडे आईच्या यकृतात गाठ निघाली. उशिरा निघाली. डॉक्टर म्हणाले, आठ आठवडे, फार तर नऊ...

थोरलीनं आधी मास्तरांना फोन केला. ते डॉक्टरीणबाईंशी बोलले, दोन दिवस झोपले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ताई, तिला नाही सांगायचं." थोरली त्यांच्यावर ओरडली होती तेव्हा! "तिची आई आहे ती, मास्तर!" "आणि तीही कुणाची तरी आई आहे ना, ताई? तिसरं मूल गेलं तर ती वाचणार नाही. मी जबाबदारी घेतो. नंतर मी सांगेन तिला." मग थोरलीनंही होकार दिला.

आई गेली. पुढच्या रविवारचे फोन आले तेव्हा, आईचा आवाज पार बसलाय, तिला बोलवत नाही, असं सांगून थोरलीनं वेळ मारून नेली. आई गेल्यावर एकोणिसाव्या दिवशी बबडी जन्मली, लालबुंद, रडकी, ठणठणीत. चार दिवसांनी थोरली तिथं पोचली, आणि मास्तरांनी बायकोचा हात हातात घेऊन अडखळत अडखळत आई गेल्याचं सांगितलं. धाकटी ओरडली नाही. तिनं नुसतं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी ठरवलं?"

मास्तरांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द बाहेर येईना. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या थोरलीनं बहिणीचे डोळे पाहिले, आणि लख्ख कळलं तिला, की आता जे नाव पुढे येईल त्या माणसाचं तोंड ही पुन्हा बघणार नाही! शेजारी पाळण्यात चार दिवसांचं लेकरू. त्याला बाप हवा होता. मावशीवाचून लेकरं वाढतात...

"मी," थोरली म्हणाली.

एवढाच एक शब्द. "चालती हो," धाकटी म्हणाली, आणि ती चालती झाली. मास्तर मागून धावत आले, भिंतीला टेकून रडले, महिन्याभरात सांगतो म्हणाले. "आता अजिबात बोलायचं नाही," तिनं त्यांना बजावलं. महिन्याचं वर्ष झालं, वर्षाची सहा झाली. तिनं धाडलेली पत्रं न फोडता परत आली.

शिवणखोलीत त्या दिवशी कामाची नुसती घाई उडाली होती. नवं शस्त्रक्रिया दालन दुपारनंतर सुरू व्हायचं होतं, आणि बत्तीस हिरव्या चादरी तयार हव्या होत्या. त्या चादरींच्या मधोमध चौकोनी खिडकी ठेवायची असते, रोग्याच्या शरीराचा जेवढा भाग डॉक्टरांना हवा तेवढाच उघडा राहावा म्हणून. त्या खिडकीच्या चारी कडांना दुहेरी शिवण घालायची, म्हणजे शंभर वेळा उकळलं तरी धागा सुटत नाही. हे काम थोरली डोळे मिटून करायची. पलीकडच्या धुलाईखोलीतून वाफ येत होती, चार यंत्रं एका सुरात घरघरत होती, आणि तिचा पाय यंत्रावर चालत होता तसा तिचा देवाशी संवादही चालला होता. गुडघे टेकून प्रार्थना करायला तिला सवड अशी कधी मिळालीच नव्हती. तिचं देवाशी जे काही बोलणं व्हायचं ते इथंच, दोऱ्याचं रीळ बदलता बदलता. 'तिचा संसार मोडू देऊ नकोस, प्रभू. मी इतकी वर्षं तेवढंच मागत आले. आज ती कुठल्या बसमध्ये बसली असेल? पोरीनं काही खाल्लं असेल का? मास्तरांना एकटं टाकून तर नाही ना आली ती...'

एकदा, आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला, तिनं चर्चच्या पाळकांना विचारलं होतं, "गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं होतं का हो?" पाळक म्हातारे होते, घाईनं उत्तर देणारे नव्हते. "मला नक्की सांगता यायचं नाही, बाई," ते म्हणाले होते. "पण ज्या गोष्टीचं ओझं होतं, ती एकटीनं वाहू नये, एवढं कळतं. रविवारी येत जा." ती येत राहिली. मागच्या बाकावर बसायची, आणि आशीर्वाद झाला रे झाला की कामाचं निमित्त काढून पहिली बाहेर पडायची.

"अहो शिवणबाई!" इस्त्रीवर असणारी जाडजूड, बडबडी बाई एकदम ओरडली. "हे काय? या चादरीची खिडकीच शिवून बंद केलीत की! डॉक्टरांनी कापायचं कुठून, बाहेरून अंदाजानं?"

सगळी खोली खो-खो हसली. थोरलीनं चादर उलगडून पाहिली. खरंच की! एकोणतीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. ती लगेच शिवण उसवू लागली.

इस्त्रीवालीनं चादर तिच्या हातातून काढून घेतली. "घरी जा," ती हळूच म्हणाली. "उरलेल्या तीन मी बघते. काय झालंय ते विचारत नाही. पण जा."

पायऱ्या चढताना दुसऱ्या मजल्यावरून बिस्किटाच्या पुड्याचा चुरचुर आवाज आला, आणि थोरली भरभर वर चढली. दाराशी पायरीवर दोन वेण्यांची एक मुलगी बसली होती. तिच्यामागे भिंतीला टेकून उभी होती धाकटी! किती वाळली होती! कानाशी पांढरे केस आले होते. सहा वर्षांत माणूस एवढं बदलतं?

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"तूच का ती चोर मावशी?" मुलीनं विचारलं.

"बबडे!" धाकटी कडाडली.

"हो गं, मीच ती," थोरली म्हणाली.

मुलीनं तिला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. "मी तुझ्यासाठी प्रार्थना केलीय," ती गंभीरपणे म्हणाली. "आता तू काळजी करू नकोस. बिस्किट घे."

थोरलीनं बिस्किट घेतलं. मग कुलूप काढलं.

बबडीला बाहेरच्या खोलीत रंगीत चिंध्या आणि बटणांचा डबा काढून दिला, आणि दोघी बहिणी स्वयंपाकघरात आल्या. थोरलीनं सवयीनं चहाचं आधण ठेवलं, कपाटातून बशा काढल्या, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला...

"ताई, ते फडकं ठेव खाली."

फडकं खाली गेलं.

"बस ना, चिऊ. प्रवासानं दमली असशील."

"चिऊ म्हणू नकोस मला!" धाकटीचा आवाज एकदम चढला. "तुला काय वाटलं, सगळं कळलं म्हणून मी धावत येऊन तुझ्या गळ्यात पडेन? ताई, तू किती मोठी, किती त्यागी, असं म्हणेन? अगं, काल हे बोलत होते आणि माझ्या डोक्यात घण पडत होते! सहा वर्षं मी तुझा राग राग केला. बबडीला पहिला दात आला तेव्हा फोन हातात घेतला होता मी, तुझा नंबर अर्धा फिरवला, आणि ठेवून दिला. ती चालायला लागली तेव्हाही. ताप डोक्यात गेला होता तिच्या, तेव्हाही! दर वेळी मी स्वतःला बजावलं, नाही, त्या बाईनं मला माझ्या आईचं तोंड बघू दिलं नाही... आणि तू मला तसं समजू दिलंस! आई तर गेलीच होती, ताई. पण बहीण होती ना मला? ती का काढून घेतलीस? कुणी सांगितलं होतं तुला एवढं चांगलं वागायला?"

थोरलीला सगळी उत्तरं पाठ होती. पाळण्यातलं बाळ, मास्तरांचा पांढरा चेहरा, मोडू पाहणारा संसार. सहा वर्षं ती स्वतःलाच ही उत्तरं देत आली होती. पण या प्रश्नापुढे त्यातलं एकही उभं राहीना. त्या खोलीत 'मी' म्हणताना आपण आपल्यापुरतं सोडून देतोय, एवढाच हिशेब तिनं केला होता. आपल्याबरोबर हिचंही काही जातंय, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं!

"चुकलं माझं," ती पुटपुटली.

"नुसतं चुकलं म्हणू नकोस! नेहमी असंच करतेस तू. कुणी काही बोललं की मान खाली घालायची आणि कामाला लागायचं. भांड ना माझ्याशी! तुला काहीच वाटलं नाही का गं इतक्या वर्षांत?"

आणि थोरलीच्या आत कुठेतरी, जिथं शिवण सगळ्यांत घट्ट होती, तिथंच टाका तुटला.

"मला काही वाटलं नाही?" तिचा आवाज तिलाच परका वाटला. "आई माझीही होती! तिला आंघोळ मी घातली, तिची कूस मी बदलली, तिचे डोळे मी मिटले. कोण होतं माझ्यासोबत? दफन झालं आणि दुसऱ्या दिवशी मी यंत्रावर जाऊन बसले, कारण घरी आले तर बोलायला भिंती होत्या! सगळे भेटायला आले, धीर दिला, गेले. पण आईचं हसणं कसं होतं, ती गाताना वरचा सूर हमखास कसा चुकवायची आणि तरी आवाज खाली आणायची नाही, हे या जगात फक्त दोघींना माहीत होतं. त्यातली एक माझं नाव घेत नव्हती! मला रडायचं होतं गं... पण रडू कुणाजवळ? माझी बहीण नव्हती!"

आधण उकळून उकळून आटत आलं होतं. धाकटीनं पुढे होऊन गॅस बंद केला, आणि तशीच ओट्याशी पाठमोरी उभी राहिली. बाहेरच्या खोलीतून बबडी बटणं मोजत असल्याचा आवाज येत होता... अकरा, बारा, पंधरा, वीस...

मग धाकटीनं विचारलं, "आईनं... माझी आठवण काढली होती?"

याचं उत्तरही थोरलीनं तयार ठेवलं होतं. 'तिला शुद्धच नव्हती गं फारशी.' मऊ, गुळगुळीत, कुणाला न टोचणारं उत्तर. ते जिभेवर आलंही. पण आता पुरे, असं तिच्या मनानं घेतलं.

"रोज," ती म्हणाली. "रोज विचारायची, चिऊ कधी येणार? पहिले आठ दिवस मी थापा मारल्या. मग तिला खरं काय ते सांगितलं. ती एक अख्खा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, जावई बरोबर बोलतोय, तिला कळवू नका. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण मेलेल्या आईच्या आड लपल्यासारखं वाटलं मला."

धाकटी वळली. "मग मी तुला एक सांगू? मी कुणालाच सांगितलेलं नाही, यांनासुद्धा नाही. तो शेवटचा रविवारचा फोन... आईचा आवाज बसला होता, सर्दी झालीय म्हणाली. पायाखाली उशी घेतेस का, जेवणात टाळाटाळ करत नाहीस ना, तेच ते विचारत होती, आणि मी वैतागले होते! इतक्यात नर्स आली सुई घेऊन. मी म्हटलं, आई, ठेवते. आणि पलीकडून ती म्हणाली, थांब गं... मला ऐकू आलं, ताई! ती थांब म्हणत होती, आणि मी फोन ठेवून दिला! तिला काहीतरी सांगायचं होतं. तीन दिवसांनी ती गेली. तुझा राग राग करत होते ना मी, तेव्हा आतून मला एवढंच ऐकू यायचं... थांब गं, थांब गं..."

"अगं वेडे!" थोरली एकदम पुढे झाली. तिनं धाकटीचे दोन्ही खांदे धरले. "ते तुला नव्हतं! अगं, ते ती मला म्हणाली!"

"काय?"

"तो फोन करायला ती सकाळपासून तयारी करत होती. बसायची ताकद नव्हती, मी पाठीला चार उशा लावल्या. गरम पाणी घोट घोट पिऊन तिनं आवाज मोकळा केला, दोनदा माझ्यावर बोलून बघितलं, अशी बोलले तर आजारी वाटते का गं? मी फोन तिच्या कानाशी धरून उभी होते. तू ठेवते म्हणालीस, आणि ती दमली असेल म्हणून मी फोन काढून घ्यायला लागले. तर तिनं माझं मनगट पकडलं, एवढीशी काडी झालेली, पण काय घट्ट पकडलं! आणि म्हणाली, थांब गं, आधी तिला ठेवू दे. तू फोन ठेवेपर्यंत तिला ऐकायचं होतं, चिऊ. तुझा श्वास, त्या नर्सचं बोलणं, जे काही ऐकू येईल ते. तू फोन ठेवलास, कट्ट आवाज झाला, तेव्हा तिनं डोळे उघडले. आवाज भरलेला आहे तिचा, म्हणाली, बाळ सुखरूप येणार. आणि मग हसली. लहानपणी तुला मुरंब्यातून कडू गोळी द्यायची ना, आणि तू मुकाट्यानं गिळलीस की डोळे मिचकावून माझ्याकडे बघायची, अगदी तशी हसली. म्हणाली, निरोप घेतला मी तिचा, आणि तिला पत्ताही लागला नाही!"

धाकटीच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, हुंदक्यासारखा सुरू झालेला आणि हसण्यात संपलेला. "लबाड!" ती म्हणाली. "कसली लबाड होती गं आई!" आणि हसता हसताच तिनं थोरलीच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि सहा वर्षांपासून आत कोंडलेलं सगळं बाहेर आलं... आईसाठी, त्या न दिसलेल्या दोन लेकरांसाठी, न फोडलेल्या पत्रांसाठी. थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "झालं, चिऊ, झालं," एवढंच म्हणत राहिली. या वेळी नावावरून कुणी ओरडलं नाही.

दारात बबडी उभी होती, ओंजळीत बटणं घेऊन. "माफ केलं का?" तिनं विचारलं.

"कुणी कुणाला, तेच कळत नाहीये," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "पण केलं."

शुक्रवारी दोघी कबरस्तानात गेल्या. धाकटीनं आईच्या दगडावरून बोटं फिरवली, कडेचं गवत उपटलं, आणि "तू जरा लांब उभी राहा," असं ताईला सांगून बराच वेळ आईशी काहीबाही बोलली. थोरलीनं ते विचारलं नाही.

शनिवारी दुपारच्या बसनं मास्तर आले. दारातच उभे राहिले, हातातली पिशवी खाली ठेवायचीही त्यांची हिंमत होईना. धाकटीनं त्यांना सरळ विचारलं, "आणखी काही लपवलंय का माझ्यापासून?"

"नाही," मास्तर म्हणाले. मग प्रामाणिकपणे आठवून म्हणाले, "खोकल्याचं औषध मी पंधरा दिवसांपूर्वीच बंद केलंय. फार कडू आहे."

थोरलीनं हसू दाबण्यासाठी तोंड फिरवलं. "माझा राग अजून गेलेला नाही," धाकटी म्हणाली. "जायला वेळ लागेल. मला विचारायला हवं होतंत तुम्ही. माझं मूल होतं, आईही माझी होती. यापुढे मला सोसणार नाही असं समजून माझ्या वतीनं कुणी काही ठरवायचं नाही. तुम्हीही नाही, आणि हीसुद्धा नाही."

"नाही ठरवणार," मास्तर म्हणाले.

"मग आत या. दारात किती वेळ उभे राहणार? हात धुवा, जेवण वाढतेय."

मास्तर आत आले. थोरलीसमोर आल्यावर त्यांना बोलायचं होतं, पण सहा वर्षांपूर्वीसारखंच तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. "राहू द्या, मास्तर," ती म्हणाली. "पोरीला नकाशा काढायला शिकवा, मला आता डोळ्यांनी दिसत नाही तितकं." मास्तरांनी तिचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले.

रविवारी उपासनेला चौघं गेली. थोरली सवयीनं मागच्या बाकाकडे वळली, तर बबडीनं तिचं बोट धरून तिला ओढत पार पुढे नेलं, कारण मागून तिला काही दिसलं नसतं. पहिलं गीत सुरू झालं. धाकटीनं पुस्तक दोघींच्या मधे धरलं आणि गाऊ लागली, आणि वरच्या सुराशी आल्यावर, अगदी आईसारखा, तो तिनं सपशेल चुकवला! आवाज मात्र तसूभरही खाली आणला नाही. थोरली गाता गाता थांबली. तिच्या गालांवरून पाणी वाहू लागलं, आणि तिनं ते पुसलं नाही, रुमाल शोधला नाही, कामाचं निमित्त काढून बाहेरही गेली नाही. सगळ्या मंडळीसमोर ती लहान मुलीसारखी रडली, आणि धाकटी तिचा हात दाबून दोघींच्या वाटचं मोठ्यानं गात राहिली. शेवटी म्हाताऱ्या पाळकांनी आशीर्वादासाठी हात उचलला, त्यांची नजर पुढच्या बाकावर गेली, आणि तो हात त्यांनी नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ तसाच वर धरला.

तीनच्या बसनं पाहुणे निघाले. खिडकीतून धाकटीच्या सूचना संपत नव्हत्या. डोळे तपासून घे, जिन्यात दिवा लावून घे, पुढच्या महिन्यात चांगली पंधरा दिवसांची रजा काढून ये. "आणि कामात आहे म्हणालीस तर मी स्वतः इस्पितळात येऊन तुला उचलून नेईन, सांगून ठेवते!" बबडी आईच्या काखेतून डोकं बाहेर काढून ओरडली, "मावशी, मी आता तुझं दुसरं नाव शोधणार आहे!" मास्तर मागच्या खिडकीतून नुसता हात हलवत होते. बस वळणाआड गेली.

थोरली पायी घरी आली. बाहेरच्या खोलीत जमिनीवर बटणं विखुरली होती. ती तिनं तशीच राहू दिली. खिडकीशी खुर्ची ओढून बसली, तर मांडीवर ना कापड होतं, ना दोरा. देवाशी बोलावं म्हणून तिनं डोळे मिटले. पण मागायला काही सुचेचना. ती बराच वेळ तशीच बसून राहिली, खाली रस्त्यावर मुलांचा खेळ चालू होता, ऊन पायांवर आलं होतं, आणि तिला झोप लागली.